काटकसर कुणाला शिकवता?



पेरणी तोंडावर आली की आपल्याला शहाणपण शिकवणाऱ्यांचाही हंगाम सुरू होतो. कुठे बँकेचा मेळावा, कुठे एखाद्या संस्थेचे आर्थिक साक्षरतेचे शिबिर. पाहुणे गाडीतून उतरतात, समईला काडी लावतात आणि सांगू लागतात : घरखर्च आटोक्यात ठेवा, लग्नात पैसा उधळू नका, दर महिन्याच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा बाजूला काढा, अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बँकेत राहू द्या. पुढे बसलेल्या आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. पाहुण्यांना वाटते, बायका लाजल्या.

त्या का हसतात, ते आज सांगायचे आहे. काटकसरीला आमचा विरोध नाही. जमिनीत पेव खणून, त्याला शेणामातीने लिंपून, दुष्काळासाठी ज्वारी पुरून ठेवणारी माणसे आमचीच आजे-पणजे होती. पोटाला चिमटा घेऊन पुढच्या साली पेरायला बी राखणारी, उतरंडीच्या तळच्या गाडग्यात चार नाणी दडवणारी बाई आमचीच आजी होती. ज्यांच्या घरात लुगड्याच्या गाठीला बांधलेला रुपया तीन वर्षे सुटत नसे, त्यांना तुम्ही बचत शिकवणार? शिकवा. पण त्याआधी एका शब्दाचा अर्थ सांगा. ‘दर महिन्याचे उत्पन्न’ म्हणजे काय? कोरडवाहू पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरात ते कोणत्या तारखेला येते?

सोनिवलीची वही

ठाणे जिल्ह्यात बदलापूरला लागून सोनिवली आहे. मुळात ते गावच. पावसाळ्यात भाताची खाचरे भरावीत असा तो मुलूख. आता ती नगरपालिकेची वस्ती झाली आणि खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपल्याकडची पोरे कामाला आहेत. कुणी अंबरनाथच्या कारखान्यात, कुणी उल्हासनगरच्या दुकानात, कुणी पहाटेची लोकल धरून थेट मुंबईला. जमीन कोरडवाहू, भाऊ तीन, म्हणून गेलेली ही पोरे.

सोनिवलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अशा एका घरची वही आम्ही पाहिली. लिहिणारी आमच्याच ज्वारीच्या गावची सून. शिक्षण सातवी. नवऱ्याचा पगार सात तारखेला होतो. आठ तारखेला ती वहीचे पान दुमडते आणि लिहिते : खोलीभाडे, लाइट बिल, रेल्वेचा पास, गॅस, दूध, पोरांची शाळा, किराणा, भिशी. महिनाअखेर उरले तर किती उरले तेही लिहिते. कुठे चाळीस रुपये जास्त गेले तर पुढल्या महिन्यात ते कुठून भरून काढायचे याची खूण समासात असते. तालुक्याच्या बँकेतल्या साहेबाने शिकावी अशी वही आहे ती.

हीच बाई सहा वर्षे गावात होती. तेव्हा तिच्या घरात वही नव्हती, बचत नव्हती, दुकानदाराची उधारी मात्र होती. म्हणजे बदलापूरला उतरल्याबरोबर तिला अक्कल आली काय? अक्कल आधीपासून होती. सोनिवलीत तिला तारीख मिळाली. किती येणार आणि कधी येणार हे ज्या घराला ठाऊक असते त्या घरालाच अंदाजपत्रक मांडता येते. गावात तिला दोन्ही ठाऊक नव्हते.

तिच्या वहीत आणखी एक ओळ दर महिन्याला येते, कधी चुकत नाही. ‘गावाला : दोन हजार.’ सासरा खत घेतो तो त्या पैशातून. शेतकऱ्याला अनुदान कोण देते असे कुणी विचारले तर त्याला ही ओळ दाखवावी. ज्वारी-कापसाच्या शेतीला सरकारच्या आधी पोसते ती सोनिवलीतली भाड्याची खोली.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर सरकारचाच आकडा घ्या. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ साली देशभरच्या शेतकरी कुटुंबांची मिळकत मोजली. महिन्याची सरासरी निघाली १०,२१८ रुपये. त्यात पिकातून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. शेतकरी म्हणवणाऱ्या घराला शेतीपेक्षा मजुरीतून जास्त मिळते, हे सरकारी कागद सांगतो. पिकाची मिळकत दिवसाला वाटली तर सगळ्या घराला सव्वाशेच्या आसपास. यात बागायतवाले, ऊसवाले, पंजाबवाले सगळे आले. कोरडवाहूची वेगळी सरासरी काढायची हौस कुणाला असेल तर त्याने मराठवाड्यात आणि वऱ्हाडात उन्हाळ्यात यावे.

आमचा महिना बारा महिन्यांचा

आता गावातल्या घराचे वर्ष पाहू. जून उजाडला की बियाणे, खत, पेरणी. त्याच महिन्यात शाळा, वह्या, दप्तर. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, डवरणी, फवारणी, आणि पावसाळा म्हणून घरात ताप-जुलाब. दवाखाना उधारीवर चालत नाही. मग पोळा, मग गौरी-गणपती. दसऱ्यापर्यंत घरात एक रुपया आत येत नाही आणि वर्षातला निम्म्याहून जास्त खर्च होऊन गेलेला असतो. कापसाची पहिली वेचणी होते, सीतादही होते, आणि दिवाळी दारात उभी असते. पगारदाराला दिवाळीत बोनस मिळतो. आपल्याकडे कृषी केंद्रवाला, किराणावाला आणि हातउसने देणारा, तिघेही दिवाळीच्याच आधी येतात.

म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस ओला असो, भाव पडलेला असो, विकावाच लागतो. सगळे गाव एकदम विकायला निघाले की भाव आणखी पडतो. थांबला त्याला कधीमधी चार पैसे जास्त मिळतात हे न कळण्याइतका कुणी बावळट नाही. थांबायला घरात महिना-दोन महिन्यांचे पीठमीठ लागते, आणि तेच तर संपलेले असते.

मग येतो मार्च. पीककर्ज मुदतीत भरले तर व्याजात सवलत मिळते, केंद्राची वेगळी आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाने राज्याची वेगळी. योजना चांगली. पण भरायला रोकड हवी. ती घरात नसते म्हणून शेतकरी सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, बँकेत भरतो, नवे कर्ज मंजूर झाले की सावकाराचे फेडतो. याला आपण ‘नवं-जुनं’ म्हणतो. बँकेच्या कागदावर वसुली झाली, शेतकरी नियमित ठरला, अहवाल सुंदर झाला. मधल्या चार दिवसांचे व्याज मात्र कोणत्याच अहवालात येत नाही.

घरोघर बायकांचे गट करून कर्ज वाटणाऱ्या कंपन्या आल्या, त्यांचेही हेच. हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून नियम केला की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. हेतू भला आहे, पण वर्षाला बारांनी भागून आमचे मासिक उत्पन्न निघत नाही. जुलैमध्ये आमचे मासिक उत्पन्न शून्य असते. शून्याचे निम्मे किती, हे कोणत्याही चौथीच्या पोराला विचारा. हप्ता मात्र जुलैमध्येही येतो, आणि तो चुकला की गटातल्या बाकी बाया दारात येऊन उभ्या राहतात. घरची अब्रू तारण ठेवून वाटलेले हे कर्ज आहे.

एका एकराचा हिशेब

हवेत बोलायचे नाही म्हणून एका एकराचा हिशेब मांडतो. तो आम्ही धरलेला आहे. तुमच्या जमिनीत आकडे थोडे इकडेतिकडे होतील. बीटी बियाण्याच्या दोन थैल्या, २०२५ च्या हंगामात सरकारनेच ठरवलेल्या ९०१ रुपये भावाने, १,८०२. डीएपीचे एक पोते १,३५०. युरियाच्या दोन गोण्या ५३३. चार फवारण्यांचे औषध तीन हजार. नांगरट, वखरणी, पेरणी, निंदण, डवरणी मिळून सहा हजार. पाच क्विंटल कापसाची वेचाई किलोला दहाप्रमाणे पाच हजार. गाडीभाडे, हमाली, तोलाई सातशे. एकूण १८,३८५ रुपये.

पाच क्विंटल सात हजाराने गेला तर आले ३५,०००. राहिले १६,६१५. चार एकरवाल्याला वर्षाचे ६६,४६० रुपये, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. घरात पाच माणसे असली तर माणशी दिवसाला ३७ रुपये. यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. जमिनीचा खंड धरलेला नाही. दोघा नवरा-बायकोची आणि म्हाताऱ्याची वर्षभराची मजुरी धरलेली नाही. रानडुकरांनी केलेली नासाडी धरलेली नाही. आणि हे बऱ्या वर्षाचे झाले. पाऊस गेला, बोंडअळी आली, एकरी दोनच क्विंटल पिकला तर वेचाई-गाडीभाडे कमी धरूनही एकराला हजारभर रुपये अंगावर येतात.

आता मेळाव्यातल्या पाहुण्यांनी या ३७ रुपयांतला दहावा हिस्सा बाजूला काढून दाखवावा. आम्ही समई पुन्हा लावतो.

दीडशे वर्षांचे जुने औषध

उधळेपणाचा हा आरोप नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. मागितले काय? कर्जाचे कागद. मिळाले ते जाळले. दंगा नगरकडेही पसरला. त्याआधी काय घडले होते? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्जे राहिली. त्यात शेतसारा वाढवलेला, आणि हप्ता ठरल्या तारखेला रोखीत भरायचा, मग पीक घरात आलेले असो की नसो.

तेव्हाही इंग्रज अधिकारी आणि शहरातले शहाणे म्हणाले, कुणबी लग्नात पैसा उडवतो म्हणून बुडाला. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाने गावोगाव तपास केला आणि निष्कर्ष काढला की लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. अशी कार्ये क्वचित येतात, आणि बऱ्याच वर्षांत मिळून एखादा शेतकरी त्यावर जेवढे खर्चतो तेवढे खर्चण्याचा त्याला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. हे साहेबाच्या आयोगाने १८७६ साली लिहून ठेवले. पुढे १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि शेतकऱ्याच्या घरात काय आहे, तो काय खातो, काय नेसतो, हे एकेक करून जगापुढे मांडले. एवढे होऊनही आज एखादा शेतकरी गळफास घेतो तेव्हा पंचनामा करणारा पहिला प्रश्न विचारतो, घरात लग्न होते का? दारू पीत होता का?

दारूचे आणि लग्नाचे आम्ही समर्थन करत नाही. नवरा वेचणीच्या पैशातून खर्रा आणि बाटली घेऊन आला तर त्याच्या बायकोने काय करावे, हे सांगायला आम्ही कचरणार नाही. हुंडा घेणाऱ्याच्या मांडवात आपल्या कार्यकर्त्याने जेवू नये, हे अनेक बैठकांत बोलून झाले आहे. पण हुंडा कुठून वाढला तेही पाहा. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी द्यायला कुणी तयार नाही, पगारदाराला द्यायची तर त्याचा भाव द्यावा लागतो. शेतमालाचा भाव पडला की नोकरीवाल्या नवरदेवाचा भाव चढतो. या दोन भावांचा संबंध मेळाव्यात कुणी सांगत नाही.

शहराची बचत, आमच्या खिशातून

मुख्य मुद्द्याकडे येऊ. शहरातल्या घराचे अंदाजपत्रक जमते त्यामागे गृहिणीची हुशारी आहे, ती आम्ही वहीत पाहिली. पण त्यामागे सरकारचा हातही आहे. तिचे किराण्याचे बिल चढले की दिल्ली जागी होते. तुरीचा भाव वाढला, मे २०२१ मध्ये बाहेरची तूर मोकळी केली. कांदा वाढला, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी केली ती मे २०२४ पर्यंत चालवली. कापूस वाढला, १४ एप्रिल २०२२ पासून आयात शुल्क माफ केले. २०२५ साली तर कापूस महागलाही नव्हता. आमची वेचणी तोंडावर आली असताना १९ ऑगस्टपासून ११ टक्के शुल्क काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके ते दिवस, ज्यात देणेकरी दारात असतात आणि आम्हाला विकावेच लागते.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वर्षी ज्याच्या घरात कापूस शिल्लक होता त्याने कर्ज फेडले, घरावर पत्रे टाकले, पोरीला नर्सिंगला घातले. कुणी शिबिर घेतले नव्हते. पैसा आला आणि शेतकऱ्याने तो बरोबर खर्च केला. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ७,५२१ होता आणि बाजारात कापूस त्याच्या खाली जात होता. दहा क्विंटलवाल्याचे क्विंटलला पाचशे गेले तर पाच हजार गेले. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार येतात, त्यातले पाच इथेच परत घेतले. उरलेल्या हजारात पाच वर्षांच्या पोराचा एक दात काढून होईल. ऑगस्ट २०२४ पासून बहिणीच्या खात्यात दीड हजार टाकायला सुरुवात झाली. ते तिने घ्यावेत, नाकारू नयेत, आपलेच आहेत. पण भावाच्या कापसाचे दाम पाडून बहिणीला ओवाळणी, हा व्यवहार आम्हाला कळतो एवढे सरकारने लक्षात ठेवावे.

ज्वारीचे काय सांगावे! १९७० च्या दशकात लेव्ही लावून ती आमच्या कणगीतून काढून नेली. पुढे रेशनवर गहू-तांदूळ दिला आणि खाणाऱ्याच्या ताटातून ती घालवली. आता २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, ज्वारीला ‘श्रीअन्न’ म्हणायचे ठरले, आणि मुंबईच्या हॉटेलात एका भाकरीला किती पडतात ते सोनिवलीच्या सुनेला विचारा. नाव बदलले. काढणीच्या दिवसांत बाजार समितीतला भाव बदलायला विसरले.

आमच्या बचतीवर सरकारने थेट हात टाकला ते दोन प्रसंगही सांगतो, कारण तरुणांना ते नीट ठाऊक नाहीत. पहिला कापूस एकाधिकार खरेदीचा. १९७२ पासून पणन महासंघाखेरीज कुणाला कापूस विकायचा नाही, असा कायद्याचा दंडुका होता. परराज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर गाडी अडवायची. कापूस आज द्यायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे. चुकारे कधी निघतील याची विचारपूस करत आमच्या वडिलांच्या चपला झिजल्या. किंमत चढ-उतार निधीच्या नावाखाली कापलेला पैसा वेगळाच. शेतकरी बचत करत नाही म्हणता? तीस वर्षे त्याची बचत सरकारनेच स्वतःकडे ठेवली होती, बिनव्याजी.

दुसरा ८ नोव्हेंबर २०१६ चा. वेचणी भरात होती. त्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. उतरंडीतले, पिठाच्या डब्यातले, नवऱ्यापासून लपवलेले पैसे बायकांना बाहेर काढावे लागले. अनेक घरांत त्या दिवशी भांडणे झाली. आठवड्याच्या आत जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली, आणि आपल्या गावात बँक म्हणजे तीच एक. व्यापारी म्हणाला, चेक घे नाहीतर भाव उतरवून रोख घे. घरखर्चाच्या शिस्तीवर बोलणाऱ्यांपैकी कुणी त्या डब्यातल्या पैशांबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही.

पगारदाराची बचत तरी सुखरूप आहे असे समजू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीत एका सराफी पेढीची कवाडे लागली आणि महिन्याच्या महिन्याला सोन्याच्या योजनेत पैसे भरणाऱ्या बाया बंद शटरपुढे रडत उभ्या राहिल्या. त्यांनी तर मेळाव्यात सांगतात तसेच केले होते. म्हणून सोनिवलीतल्या आपल्या माणसांशी आपले भांडण नाही. डाळ स्वस्त ठेवली म्हणून त्यांचा पगार कमी ठेवता येतो, आणि तुरीचा भाव पाडला म्हणून डाळ स्वस्त ठेवता येते. एकाच घरातल्या दोन भावांना असे दोन टोकांना उभे केले आहे. गणपतीला पोरे गावी येतात तेव्हा हे बोलण्याचे विषय आहेत.

मग करायचे काय?

हिशेब लिहायचा. हो, आम्हीच सांगतो आहोत, घरोघर वही घाला. पण पाहुणे सांगतात त्या कारणासाठी नाही. चहा-साखरेत कपात कुठे करता येईल हे शोधायला ती वही नको आहे. हमीभाव ठरवताना सरकार उत्पादनखर्च धरते. २०१८-१९ पासून दीडपट भाव दिल्याचा डंका वाजतो, पण दीडपट कशाच्या? रोख खर्च आणि घरच्या माणसांची धरलेली मजुरी यांच्या. जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचे व्याज यात येत नाही. तो सगळा खर्च धरून दीडपट द्या म्हटले की खजिना रिकामा असल्याचे आठवते. आणि जी मजुरी धरतात तिच्यात पहाटे चारला उठून भाकरी थापणारी, मग दिवसभर वेचणारी, मग रात्री गुरांचे करणारी बाई किती तास भरते, ते कुणाच्या कागदात आहे? संध्याकाळच्या वेचणीला सरकी उजेडात दिसेपर्यंत वाकलेली ती बाई हिशेबात अर्धी मोजली जाते.

चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये लाखांनी शेतकरी बाया जमल्या तेव्हा हाच प्रश्न पुढे आला होता. शरद जोशींनी त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कुठल्या कायद्याने भाग पाडले नव्हते. ज्या घरात सातबाऱ्यावर बाईचे नाव लागले, तिथे कापसाची पट्टी कुणाच्या हातात पडते आणि त्यातले किती घरी पोचते, याची चर्चा आपोआप सुरू झाली. ज्यांच्याकडे अजून ते नाव लागलेले नाही त्यांनी पुढल्या बैठकीला येण्याआधी तलाठ्याकडे जाऊन यावे. घरच्या पैशाची काळजी करणाऱ्या नवऱ्याने करण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे. बचत खात्याच्या जाहिराती नंतर वाचता येतील.

आणखी एक. पट्ट्या फाडून टाकू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. गाडीभाडे, हमाली, तोलाई कापून हाती राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि चेक आला दोन रुपयांचा. ती पट्टी त्याने जपून ठेवली म्हणून देशभर तिची चर्चा झाली. अशा पट्ट्या आपल्या कोनाड्यांत, देव्हाऱ्यामागे, खताच्या पिशवीत पडून आहेत. त्या वहीत चिकटवा.

वही शंभर पानी कोणतीही चालेल. गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत लिहायची. डाव्या पानावर घर : पीठ, तेल, दवाखाना, शाळा, बस, मोबाइल, सण, उधारीवर आणले ते तारखेसह. उजव्या पानावर शेत : रोख गेलेला प्रत्येक रुपया आणि घरच्या कोणत्या माणसाने किती तास काम केले ते. बाईचे तास बाईनेच सांगावेत. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्यावेत, नवऱ्याने अंदाजाने टाकू नयेत. उचल घेतली तर कुणाकडून हे नाव न लिहिता फक्त शेकडा दर लिहावा, गावात राहायचे आहे. सोनिवली, पुणे, सुरत, जिथून पोराचे पैसे येतात तो आकडा लाल शाईने वेगळा मांडावा. आपल्या शेतीतला तोटा कोण भरतो ते त्या लाल आकड्यांच्या बेरजेवरून कळेल.

दर गावाने निदान दहा वह्या जिल्हा बैठकीला आणाव्यात. नावाची पाने आतल्या बाजूला दुमडून ठेवावीत, वाचताना नावे वाचली जाणार नाहीत. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी बेरजा आधी तपासून ठेवाव्यात, मागे एका बैठकीत हातचे धरायला विसरल्यामुळे तासभर गेला होता. कृषी मूल्य आयोगाकडे जे निवेदन जायचे आहे त्याला या बेरजा जोडल्या जातील. ज्यांच्याकडे वही नाही त्यांनी निदान गेल्या हंगामाच्या कापूस-ज्वारीच्या पट्ट्या आणि कृषी केंद्राची बिले पिशवीत घालून आणावीत. झेरॉक्स बैठकीच्या जागी काढून मूळ कागद लगेच परत दिले जातील.